पोराशी बोला, पोराशी खेळा

आज पिकाऐवजी घरातल्या दीड-दोन वर्षांच्या पोराबद्दल बोलू.

अंगणवाडीतली शिकवण तिसऱ्या वर्षापासून. त्याआधीची शाळा म्हणजे आपलं घर, गोठा नि अंगण. विकतची खेळणी नकोत. भाजी निवडताना त्याच्यापुढं डबा आणि चमचा ठेवा. तो वाजवील, मग तुम्ही वाजवा. दाणे काढलेली मक्याची कणसं टोपलीत टाकू द्या, मोजत बाहेर काढा. गाय दिसली की "ही गाय, हम्मा करते" म्हणा आणि जरा थांबा. पोर बोबडं काही बोलेल, त्याला उत्तर द्या. अशानंच वाचा फुटते. हे एकट्या आईचं काम नव्हे. बापानंही संध्याकाळी अर्धा तास द्यावा. फिरतीवरून आल्यावर मीही देतो.

मात्र डबा स्वयंपाकघरातलाच घ्या. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी देऊ नका. औषध लावलेलं बियाणंही दूर ठेवा. शेंगदाणे, हरभरे श्वासनळीत अडकतात, तेही नकोत.

दोन वर्षं पुरी होऊनही "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल, तर "बोलेल पुढं" म्हणून थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पेरणीसारखीच याचीही वेळ साधावी लागते.