पुढाऱ्याचें मुकें भाषण

पुढारी तोंडानें जें बोलतो तें आपण ऐकतों. पण त्याआधींच त्याचा पोषाख, त्याचे हात व त्याची बसण्याची जागा हीं आपल्याशीं बोलून गेलेलीं असतात. या मुक्या भाषणानें पुष्कळ मतें वळतात. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असून तिजवर चिन्ह होतें. निरक्षर माणसानें तें पाहून मत टाकलें. त्यांत लाज कांहीं नाहीं. मात्र दिसतें तें पारखतां आलें पाहिजे.

मुकें भाषण खरेंहि असतें. १८८८ सालीं पुण्यास राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याचा सत्कार झाला. तेथें बडे लोक भरजरी पोषाखानें बसले. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले. खरी रयत खेड्यांत आहे, हें त्यांनीं बोलूनहि सांगितलें. पण वेषानें तें आधींच सांगितलें होतें.

आतां आपल्याकडे पाहा. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथें निवडणूक आली कीं चौकाचौकांत हात जोडलेलीं चित्रें लागतात. खेड्यांत शिरतांच पुढाऱ्यांच्या डोक्यावर फेटा चढतो. मग फरक काय? तोंड कोणाकडे आहे, हाच फरक. जोतीरावांनीं गरिबाचा वेष सत्तेपुढें मिरविला. हे तो गरिबापुढें मिरवितात. तेथें अपमानाची जोखीम होती, येथें मतांचा नफा आहे. शिवाय जोतीरावांनीं १८६८ सालींच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. वेषामागें करणी होती.

शेतकरी बैल घेतांना रंगविलेलीं शिंगें पाहत नाहीं, खांदा पाहतो. उल्हासनगरचा शिवणकारागीर कापड उलटें करून वीण पाहतो. पुढाऱ्यासहि तसेंच पाहा. सभेंत सावलींत कोण बसलें, उन्हांत कोण उभें राहिलें? आज हात जोडणारा उद्यां आपल्या दारीं तुम्हांस बसावयास सांगतो काय? पाण्याच्या रांगेंत, लोकलच्या गर्दींत तो कधीं दिसला काय?

आणि आपलेंहि मुकें भाषण ओळखा. २० ऑगस्ट २०२४ रोजीं दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचारानें संतापलेले लोक, कोणाच्या व्यासपीठाची वाट न पाहतां, बदलापूर स्टेशनांत रुळांवर उतरले. गाड्या कित्येक तास थांबल्या व त्याच दिवशीं सरकारला विशेष चौकशीपथक नेमावें लागलें.

बंधुभगिनींनो, तुमचें उभें राहणें सरकारास ऐकूं जातें. मग जोडलेले हात पाहूनच मत कां द्यावें? आधीं त्या हातांनीं काय केलें तें विचारा. मगच आपलें बोट बटणावर ठेवा.