गाणे आणि पोट



तेंदूपानाचे दिवस, अंग भाजून काढणारे ऊन, आणि तरीही आपण एवढ्या संख्येने आलात. आम्ही काही संगीताचे जाणकार नव्हे. शाळा सातवीतच सुटली. पुढची हयात बिडी कामगारांच्या संघटनेत गेली. मग या विषयावर आम्ही का बोलावे? कारण असे की, गेल्या श्रावणात एकोडीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा दुकानातली नोकरी सोडून गाण्यावर पोट भरू म्हणत होता. "भाऊ, याले समजावून सांगा," एवढेच त्यांचे मागणे.

आम्हाला ते सांगता येईना. तरुणपणी, १९९२ च्या सुमारास, आम्हीही गाणी रचत होतो. चार गाणी एका कॅसेटवाल्याला तीनशे रुपयांत दिली आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही ठोकली. पुढे मंडईत आमचेच गाणे वाजताना ऐकले. कॅसेट मात्र पैसे मोजून घ्यावी लागली! हजार बिड्यांमागे छाट किती काढली म्हणून मालकाशी भांडणारे आम्ही, आणि गाणे विकले ते बिडीच्याही हिशेबाने नव्हे. बिडी एकदा ओढली की संपते. गाणे वीस वर्षे वाजते.

लेखनहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या मानधनातला कवीचा आणि संगीतकाराचा वाटा आता कंपनीला कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाही. हा वाटा गोळा करणारी संस्था तर १९६९ पासून आहे. पण आमच्या खेड्यातला शाहीर तिथे नाव नोंदवतो कुठे?

झाडीपट्टीत गाण्याला गिऱ्हाईक नाही, असे कोणी म्हणू नये. धान घरात आले की दिवाळीच्या मंडईपासून होळीपर्यंत वडशाची नाटक मंडळे गावोगाव फिरतात आणि माणसे तिकीट काढून रात्रभर बसतात. दंडार आहे, खडी गंमत आहे. परंतु ही कमाई चार-पाच महिन्यांची. पेटीवाला पावसाळ्यात रोवणीलाच जाणार.

लोकप्रियतेने घर चालते, हाही एक भ्रमच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या गाण्यांनी मैदानेच्या मैदाने हलली. तेच अण्णा भाऊ १९६९ साली गेले, ते गरिबीतच. चळवळीने त्यांच्याकडून गाणी घेतली. त्यांच्या चुलीची चौकशी किती केली? हा दोष आम्हा संघटनावाल्यांचाही आहे, आणि तो आम्ही इथे कबूल करतो.

त्या मुलाला आम्ही अडवले नाही. फक्त एक वही दिली. ज्या रात्री गाशील, ती तारीख, गाव, ठरलेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम तीत लिही, म्हटले. वडील रागावून गेले.

होळीनंतर तो वही घेऊन आला. सत्तावीस रात्री, पैकी अकरांचे पैसे यायचे आहेत. परवा आम्ही त्या मंडळाकडे जाणार आहोत. वडीलही सोबत येतो म्हणाले.