अठरा वर्षांनंतरचे हात



अचलपुरात दिव्यांग मुलांविषयी बोलावयाचे आणि वझ्झरचे नाव घ्यावयाचे नाही, हे होणे नाही. परतवाड्याजवळच्या त्या गावी शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले आणली, बापाच्या जागी आपले नाव लावले, आणि त्यांच्याच हातांनी उजाड माळावर हजारो झाडे जगविली. 2024 साली त्यांस पद्मश्री मिळाली. बाबांचे मागणे मात्र निराळेच. बालगृहाची मर्यादा 18 वर्षांची. पुढे या लेकरांनी जावे कोठे?

या प्रश्नाच्या एका कोपऱ्यापुरतेच आज आम्ही बोलणार आहोत. तो कोपरा म्हणजे जुळणीकामाचे शिक्षण. विजेची थ्री-पिन घ्या. तुम्ही आम्ही ती एका दमात जोडू. मंदगती मुलाला तो डोंगर वाटतो. म्हणून कामाचे तुकडे पाडावयाचे: खालचा भाग लाकडी साच्यात बसविणे, जाड पिन तिच्या खाचेत, मग दोन बारीक, वर झाकण, शेवटी स्क्रू. आणि शिकवावयाचे उलट्या क्रमाने! बाकी सारे शिक्षकाने करून द्यावे, मुलाने केवळ शेवटचा स्क्रू आवळावा. म्हणजे पहिल्याच दिवशी पुरी झालेली वस्तू त्याच्या हातून खाली ठेवली जाते. मग एकेक पायरी मागे सरकावे. अंध मुलाला जाड पिन बोटांनीच कळते. ज्याला मोजता येत नाही त्याला दहा खळग्यांची फळी द्यावी. खळगे भरले की दहा नग झाले. यात यंत्र नाही, मोठा खर्च नाही. शिक्षकाचा धीर तेवढा लागतो, आणि तो बाजारात मिळत नाही.

2016 च्या कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगता मानली, 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिले, सरकारी जागांत चार टक्के राखून ठेवले. वझ्झरच्या घरात वाढलेली एक अंध मुलगी 2024 मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, याचा साऱ्या वऱ्हाडास अभिमान आहे. परंतु ज्याला दहा मोजता येत नाहीत तो त्या परीक्षेस बसणार नाही. त्याच्या बाकापर्यंत कामच चालत गेले पाहिजे.

ब्रिटनमध्ये अशांसाठी रेम्प्लॉय नावाचे सरकारी कारखाने 1946 पासून चालले. 2013 पर्यंत ते बंद झाले. दिव्यांगांनी निराळ्या कारखान्यात न राहता चारचौघांत काम करावे, हा त्यामागील विचार. विचार चांगला, पण चारचौघांनी आधी जागा करून द्यावी, मग दार लावावे, असे आमचे मत आहे.

तेव्हा येथे बसलेल्या व्यापारी मंडळींस आमचा थेट प्रश्न आहे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडल्यावर तुमच्याकडून काम मिळेल काय? दर इतर कारागिरांइतकाच असावा. वाकडा नग खुशाल परत करावा. दिवसाला वीस होत असतील तर वीसच घ्यावेत. पण दर महिन्याला घ्यावेत, दिवाळीपुरते नव्हे.