हजेरीपटही इतिहासच



मी पंडित नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत फार झाले. तेव्हा दप्तरखान्यावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कागदाची किंमत कामगाराइतकी कोणाला कळणार?

आपल्या पुण्यात पेशवे दप्तर आहे. मोडी कागदांचे हजारो रुमाल तेथे जपलेले आहेत. त्यांतून सरदेसायांनी १९३० नंतर ४५ खंड सिद्ध केले. त्याआधी राजवाडे गावोगाव हिंडले. १९१० साली त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. आता या दप्तरात असते काय? लढाया थोड्या, वसूल, वतने, पगार, खर्च यांचे हिशेबच फार. कारकुनाने रोजच्या कामासाठी लिहिलेला कागद पुढे इतिहास ठरला.

मग आमच्या रोजच्या कागदाचे काय? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या झाल्या. हा अर्ज सरकारी आयोगासाठी केलेला होता, म्हणून त्या मागण्या आज आपल्याला ठाऊक आहेत. चाळीत आणि कचेरीत जे बोलले गेले, ते बहुतेक हवेत विरले.

हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण पटावर होतो, असा पुरावा मागण्यात आला. कोणी ओळखपत्र शोधले, कोणी रजेचा पास, कोणी फंडाची चिठ्ठी. ज्याने तीस वर्षे साचा चालवला, त्याला आपण साचा चालवला हे सिद्ध करावे लागले! हजेरीपट जागेवर असते, तर ही वणवण कशाला झाली असती?

कायदे आहेत. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी पुरालेखागारे आहेत. परंतु हे कायदे सरकारी दप्तराचे. खासगी गिरणीचा पट, संघटनेचे इतिवृत्त, पतपेढीची वही यांना वाली नाही. गिरणीला टाळे लागले की दप्तर रद्दीच्या भावाने जाते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कारखाना बंद करण्याची परवानगी देताना त्याचे हजेरीपट आणि पगारपत्रके जिल्ह्याच्या ठिकाणी जमा करून घ्यावीत. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी कोरडी खोली, लोखंडी मांडण्या आणि एक जाणता माणूस असावा. संघटनांनी, ग्रामपंचायतींनी, वाचनालयांनी आपल्या वह्यांची यादी आजच करावी. कागदाला प्लॅस्टिक चिकटवू नये. सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच ठेवावा. छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण मूळ कागद फेकू नये.

राजाचा इतिहास राजाच्या कारकुनांनी सांभाळला. आपला आपणच सांभाळला पाहिजे. घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.