भोंगा, चक्की आणि मायच्या ओव्या



विणेकरी, टाळकरी, माय-बहिणींनो, आम्ही शेतकरी माणूस, चौथी शिकलेले. शंभर वर्षांत खान्देशात काय बदललं ते सांगा, असं मंडळींनी सांगितलं. जमेल तसं बोलतो.

आगगाडी तर आपल्या दिंडीच्याही आधीची. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस इंग्रजांना मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला भाव चढला. त्याच सुमारास भुसावळला रेल्वे आली. 1900 साली चाळीसगाव-धुळे गाडी धावली. जिनिंग-प्रेस आले. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावला कापडाच्या गिरण्या निघाल्या. 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढं विप्रो झाली. आजोबा दिवस पाहून शेतात जायचे. गिरणीतला माणूस भोंग्यावर उठू लागला.

आमची माय पहाटे जात्यावर बसायची. कळण्याच्या भाकरीचं पीठ दळता दळता ओव्या म्हणायची. पंढरपूर आम्ही आधी तिच्या ओवीत पाह्यलं, मग डोळ्यांनी. पुढं गावात इंजिनाची चक्की आली. तिची पुकपुक ऐकून माय म्हणाली, "बरं झालं बाबा, खांदे वाचले." खरंच वाचले. यंत्राला नावं ठेवणारे आम्ही नाही. मोट गेली, मोटर आली, ठिबक आलं, म्हणून तर आम्हाला वारीला सवड मिळाली.

पण एकदा आम्ही मायला म्हटलं, "ओवी म्हण ना." ती म्हणाली, "जातं फिरलं का येती रे, नुसतं बसून नाही येत." चौथी शिकलो होतो, वही-पेन्सिल घरात होती. जातं कोपऱ्यात होतं, एक पायली दाणे टाकून बसवायचं होतं तिला. आज करू, उद्या करू म्हणता माय गेली. ओव्या तिच्यासंगं गेल्या. ही चूक चक्कीची नाही, आमची हाये.

आता दिंडीचं. सामान ट्रकात गेलं, पाण्याला टँकर आला. चांगलंच झालं, म्हातारे-कोतारे वारीला येऊ लागले. पण अभंगसुद्धा भोंग्यावर लावून आपण मुक्यानं चाललो, तर मायच्या ओवीसारखंच होईल. ओझं यंत्रानं न्यावं, नाम आपल्या तोंडानं घ्यावं.

आणि ज्याच्या घरी म्हातारी माय आहे, त्यानं आजच जातं मांडावं अन् वही घेऊन शेजारी बसावं. एवढंच मागणं.

रामकृष्णहरी!