दुखणं सोसायची सवय सोडू या

(महिला मेळाव्यातील भाषण)



वस्तीत काम करताना दुर्बिणीचं ऑपरेशन करून आलेल्या बाया भेटतात. परवा एक जण म्हणाली, "ताई, टाका पोटावर, मग खांदा का दुखतो? सासूबाई म्हणतात, कामचुकारपणा आहे."

हा कामचुकारपणा नाही. दुर्बीण घालण्याआधी पोट वायूने फुगवतात. त्या वायूने पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला त्रास होतो आणि कळ खांद्यात उमटते. भुलीनंतर मळमळ, उलट्याही बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतात. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांनी त्यात भरच पडते.

यावर उपाय आहे. एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळी औषधं थोड्या थोड्या मात्रेत जोडून देतात. छेद घ्यायचा तिथे बधिर करणारं इंजेक्शन, सोबत पॅरासिटामॉल किंवा सूज उतरवणारं औषध आणि उलटीवरचं औषध. प्रत्येक औषध वेदनेला वेगळ्या वाटेवर अडवतं. मग अफूवर्गीय औषध कमी लागतं, बाई लवकर सावध होते, उठून चालू लागते. अमेरिकेतल्या जॉन लंडी या डॉक्टरांनी १९२६ मध्येच याला 'संतुलित भूल' म्हटलं होतं.

पण गुंगीचं आणि अफूवर्गीय औषध एकत्र दिलं, तर श्वास मंदावू शकतो. म्हणून वजन पाहून मात्रा ठरवायला आणि शेजारी बसून श्वास, नाडी बघायला माणूस हवा. शिबिराच्या रांगेत हे कोण करणार? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका दिवसात ८३ बायकांची नसबंदी झाली. तिथल्या शिबिरांनंतर तेरा जणी दगावल्या. त्यांच्या मृत्यूचं कारण भूल होती, असं मी म्हणत नाही. रांगेत बाईकडे कसं पाहिलं जातं, ते सांगते आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३ टक्के. ऑपरेशनचा भार आपल्यावर आहे, तर प्रश्नही आपणच विचारायचे. भूल कोण देणार? कोणती औषधं? माझं वजन केलं का? शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण? घरी दुखलं, तर काय घेऊ? उत्तरं कागदावर लिहून मागा. एकटीला भीती वाटली, तर दोघी जा.