उतरवून घेणारे हात
(डहाणू येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



डहाणूच्या खाडीत होडी लागली की आपल्या भगिनी मासळीच्या टोपल्या उतरवून नेतात आणि पुन्हा किनाऱ्यावर येतात. उतरवून घेणारे हातच नसतील, तर मासळी होडीतच नासेल. शरीराचेही तसेच आहे. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे कण पेशीच्या पृष्ठभागावरील ‘ग्राही’ नावाचे प्रथिन पकडते व आत नेते. तेथील आम्लतेमुळे कण सुटतो आणि ग्राही पुन्हा पृष्ठभागावर परततो. हा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या ग्राहीच्या जनुकात दोष असेल, तर कोलेस्टेरॉल रक्तात साचते आणि ऐन तारुण्यात हृदयविकार जडतो. माता किंवा पिता सदोष असल्यास प्रत्येक अपत्यास निम्मा धोका. दोघांकडून दोष आल्यास बालपणीच संकट. मोजक्या घराण्यांतून वाढलेल्या दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर समाजात हा दोष विशेष आढळतो. मोजक्याच घराण्यांत सोयरीक करणाऱ्या आपण यावरून बोध घ्यावा.

डहाणू-तलासरीत ज्या घरचा कर्ता तरुणपणीच हृदयविकाराने गेला असेल, त्या घराने दैवाला दोष देत न बसता मुलांसह सर्वांचे रक्त तपासून घ्यावे. यकृतातील ग्राहींची संख्या वाढविणारी स्टॅटिन औषधे आज उपलब्ध आहेत. पत्रिका जुळविताना हाही एक ग्रह पाहावा, एवढीच नम्र विनंती.